पाव्हण्याने चहा सोडला

आमच्या विभागातल्या एका लॅपटॉपात एक म्हातारा राहतो. त्याला विचारलं, "आबाजी, चहा घेता का?" की तो म्हणतो, "चहा सोडला मी. ॲसिडिटी होते." आवाज बातम्या वाचणाऱ्या माणसाचा आणि बोली वऱ्हाडी, त्यामुळे नवीन पोरं पहिल्या दिवशी खिदळतात. त्यांचं काही चुकत नाही. मी मात्र तेवढ्या वेळात खिडकीशी जाऊन उभी राहते, कारण ते वाक्य त्या यंत्राचं नाही, आमच्या सरांचं आहे. सर जाऊन आता वर्ष होत आलं.

सरांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं असतं तर तेच ओरडले असते, "माह्या नावाचं काय लोणचं घालता, मॅडम?" आमचं इंजिनीअरिंग कॉलेज वर्ध्याहून पुलगावकडे जाताना रस्त्याला लागून आहे. मी तिथे पदार्थांची ताकद शिकवते, म्हणजे कोणती सळई कधी वाकते आणि कधी तुटते ते. सर वस्तू कशा घडवायच्या ते शिकवायचे, आणि त्यातही म्हाताऱ्या माणसांना लागणाऱ्या वस्तू. निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलेलं. दर उन्हाळ्यात कॉलेज त्यांना एका वर्षाची मुदतवाढ द्यायचं आणि दर उन्हाळ्यात ते ती मिळेपर्यंत कोणाशी धड बोलायचे नाहीत. आमची टेबलं शेजारी शेजारी होती. म्हणून मला त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार आहे असं मी समजते. नसला तरी बोलणार आहे.

विक्षिप्त होते, यात वाद नाही. कोणाच्या घरी गेले की यजमानाच्या आधी घराचे उंबरे पाहायचे. लग्नाच्या पंगतीत वधूवरांकडे यांचं लक्ष नाही. कोणती आजी खुर्चीवरून उठताना कुठे हात टेकते, तिकडे डोळे. खिशात रुमालाऐवजी लोकरीचे पायमोजे. वर्गात आल्या आल्या एका पोराच्या दोन्ही हातांत ते घालायचे आणि म्हणायचे, "आता शर्टाचं वरचं बटन लाव." पोरगं घामाघूम व्हायचं. सर शांतपणे हजेरी घ्यायचे. हजेरी संपेपर्यंत बटन लागलं नसेल तर म्हणायचे, "काई हरकत नाई. आता असंच लग्नाले जा."

'ज्येष्ठ नागरिक' हा शब्द त्यांना खपायचा नाही. "ज्येष्ठ नागरिक मनलं की मले यष्टीतलं सीट दिसते," म्हणायचे, "माणूस दिसत नाई." पोरांनी केलेलं काम आवडलं तर "जमते" एवढंच म्हणायचे आणि ते पोरगं आठवडाभर हवेत. आवडलं नाही तर म्हणायचे, "गोड हाय." गोड म्हणजे संपलं. गोड म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

आणि चहा! बाप्पा, काय तो चहा पिणं! फाटकाबाहेरच्या टपरीवर सर दिसले की चहावाला भांडं पुन्हा चुलीवर चढवायचा. मला म्हणायचे, "मॅडम, तुमची सळई कशानं वाकते मले माहीत नाई. मी चहा नाई भेटला की वाकतो."

तर हे यंत्र आलं तेव्हाची गोष्ट. एआय म्हणजे काय, हे आम्हा शिक्षकांना कळायच्या आधी पोरांना कळलं होतं. सरांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला भेटा, त्याची अडचण ओळखा आणि त्याच्यासाठी वस्तू आखा. पूर्वी पोरं निदान आपल्या आजीला फोन तरी करायची. त्या वर्षी सगळे गट दुसऱ्याच दिवशी तयार. पहिल्या गटाला भेटली सुशीलाबाई, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, बागकामाची आवड, स्वावलंबी राहायची इच्छा, सोप्या वापराचं ॲप हवं. दुसऱ्या गटाला भेटल्या सुमनताई. निवृत्त शिक्षिका, बागकाम, स्वावलंबन, ॲप. तिसऱ्याची शकुंतलाबाई, तिलाही बाग.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "या सगळ्या बाया एकाच गावात राह्यतात का बे? कोणतं गाव हाय ते? तिथं कोनी कापूस नाई वेचत? सगळ्या बागेतच?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी त्या लॅपटॉपासमोर खुर्ची ओढली आणि सुशीलाबाईलाच विचारलं, "बाई, तुमाले सून हाय का?" यंत्राने मोठ्या आदराने सांगितलं की हो, सुनेशी त्यांचे अतिशय प्रेमाचे संबंध आहेत. "सुनेसमोर गुडघे दुखतात असं सांगता का?" यंत्र म्हणालं, हो, त्या आपल्या गरजा कुटुंबीयांशी मोकळेपणाने बोलतात.

"पाहा," सर पोरांकडे वळले. "पाव्हणा हाय हा. पाव्हण्याले घरातलं काय माहीत राह्यते? त्याच्यासमोर सगळे गोडच बोलतात, तो बी गोड बोलते."

त्या दिवसापासून आमच्या विभागात एआयला सगळे पाव्हणा म्हणू लागले. मला वाटलं, आता हे लॅपटॉप फेकून देणार. स्टाफरूममधल्या अर्ध्या लोकांना तेच हवं होतं. पण सर म्हणाले, "पाव्हण्याले हाकलत नसतात. घरात आला तर त्याले घर दाखवा लागते." एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्यांनी अशी सोय करून घेतली की यंत्राचं उत्तर चुकलं की माईकमध्ये बोलून ते दुरुस्त करायचं, आणि ती दुरुस्ती यंत्राने कायमची साठवून ठेवायची. पुढच्या वेळी उत्तर देताना ते त्यातूनच शिकायचं. मग सरांचा रोजचा नेमच झाला. तास संपला की विभागात एकटे बसायचे आणि त्या लॅपटॉपावर ओरडायचे. दारातून ऐकणाऱ्याला वाटावं, घरातल्या कोणाशी तरी भांडण चाललंय.

"अबे, असं नाई मनत म्हातारा! 'मला मदतीची गरज आहे' असं मनन तो? जीभ तुटन त्याची. तो मनन, 'काई नाई, बरं हाय.' मन पाहू. काई नाई, बरं हाय."

जगभरचे लोक एआयला खरं बोलायला शिकवत होते. आमचे सर त्याला खोटं बोलायला शिकवत होते. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, "खोटं नाई मॅडम. आबरू."

आता हे का, ते सांगायला हवं. एका उन्हाळ्यात दुपारी वीज गेली होती. आमच्याकडचा मे महिना काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो होतो. माझी पाण्याची बाटली रिकामी झाली. मी म्हटलं, जाऊ द्या, आता घरी जाऊनच पिईन. सर एकदम भडकले. "आत्ता प्या. उठा. आत्ताच्या आत्ता भरून आणा." मी म्हटलं, अहो सर, एवढं काय झालं? तेव्हा त्यांनी आईबद्दल सांगितलं. तेवढं एकदाच.

सर मूळचे हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरचे. बौद्ध कुटुंब. आजोबांनी दीक्षा घेतली, वडिलांनी पोरगं शिकवलं, पोरगं पुण्याला मिक्सरच्या कारखान्यात डिझायनर झालं. मिक्सरची झाकणं आखायचं. वडील गेल्यावर आई गावी एकटी, शेजारी चुलत भाऊ. संडास घरामागे, अंगणापलीकडे, दोन उंच पायऱ्या चढून. सर रविवारी फोन करायचे. "माय, काई पाह्यजे का?" "काई नाई रे बाबू." "पाणी पेतं ना बराबर?" "पेतो ना. मले आता तहानच नाई लागत पहिल्यासारखी."

"तहान नाई लागत," सर म्हणाले. "मी खुश. मले वाटलं, वयानं कमी होत असन. अन् तिनं पाणीच सोडलं होतं मॅडम. पाणी पेलं की संडासले जा लागते. संडासले गेलं की त्या पायऱ्या. पायऱ्या चढाले कोनाचा तरी हात लागते. अन् हात मागाचा तर कोनाले मागाचा? दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर मनाले, बाई सुकून गेली. उन्हाळा होता. नाई वाचली."

वीज आली, आत पंखा फिरायला लागला, तरी आम्ही तिथेच.

"मी लोकाईसाठी झाकणं बनवत होतो," ते म्हणाले. "मी तिले विचारलं, काय पाह्यजे? विचाराचं होतं, काय सोडलं?"

तेव्हापासून सरांचा हा एकच प्रश्न. नोकरी सोडून इकडे आले ते हा प्रश्न घेऊनच. म्हातारा माणूस काय मागतो ते ऐकू नका, तो मागतच नाही. त्याने काय सोडलं ते पाहा. आणि सोडल्याचं कारण सांगेल, त्या कारणाशी भांडू नका. सोडलेली वस्तू गुपचूप त्याच्यासमोर ठेवा आणि पाहत बसा. पोरांना हे तोंडपाठ होतं. परीक्षेत लिहायचीसुद्धा. पण तोंडपाठ असणं वेगळं.

पुलगावची गोष्ट सांगते म्हणजे कळेल. तिथे सूतगिरणीतले एक जुने कामगार होते, पोरं त्यांना भेटायला गेली. काका, काही अडचण? "काई नाई, बरं हाय." पोरं अर्ध्या तासात परत. सरांनी त्यांना त्याच पावली मागे धाडलं. "विचारू नका. बसा. कंटाळा येईपर्यंत बसा." असं बरेच दिवस चाललं तेव्हा कुठे एका पोराच्या लक्षात आलं की काका कायम नुसत्या बंडीवर असतात, शर्ट कधी अंगात नाही. मग कळलं की त्यांनी लग्नाला जाणं सोडलंय. सख्ख्या पुतण्याच्या लग्नालाही गेले नव्हते. कारण? "गर्दी नाई आवडत आता." ज्या माणसाने जन्मभर गिरणीच्या गलक्यात काम केलं, त्याला गर्दी आवडत नाही! बोटं आखडली होती, शर्टाची बटनं लागत नव्हती, आणि बटनं लावून दे असं सुनेला सांगायचं कसं?

पोरांनी शर्ट केला. वरून बटनं तशीच दिसणारी, आतून चिकटपट्टी. पहिला शर्ट काकांनी परत केला, कारण छातीशी पट्टी किंचित दिसत होती. पोरं वैतागली. सर म्हणाले, "बराबर केलं त्याईनं. मदत दिसली की माणूस उघडा पडते." दुसरा शर्ट काकांनी ठेवून घेतला. आवडला वगैरे काही बोलले नाहीत. पण दिवाळीनंतर त्यांच्या नातलगाकडच्या लग्नाचा फोटो आला, त्यात मागच्या रांगेत ते उभे. सरांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "जमते."

याच दिवसांत कधीतरी सरांनी चहा सोडला.

मी विचारलं तर म्हणाले, "ॲसिडिटी होते." मी म्हटलं, बरं झालं, जिरं खात जा. मग फळ्यावर लिहिणं बंद झालं. "खडूची धूळ सहन नाई होत." मग स्कूटर घरी राहिली, सर एसटीने यायला लागले. "सकायी डोळ्यावर ऊन येते." डबा आमच्यात बसून खायचे, ते घरूनच जेवून यायला लागले. आणि हात सदा पँटच्या खिशात. आमच्यात चेष्टा चालायची की सर म्हातारपणी मोठे ऐटबाज झाले. मीच एकदा म्हटलं, "काय सर, हिरो होऊन राह्यले का?" ते हसले आणि हात खिशातच ठेवून निघून गेले.

एवढी कारणं एका माणसाने दिली आणि आम्हा सगळ्यांना पटली. काय म्हणावं याला! आम्ही त्यांची भाषणं कौतुकाने ऐकत होतो आणि त्यांच्या ॲसिडिटीवर घरगुती उपाय सुचवत होतो.

वर्षअखेरीला पोरांच्या कामाचं सादरीकरण असतं. नागपूरहून परीक्षक आले होते, प्राचार्यही पहिल्या रांगेत. शेवटी एक मुलगी उठली. कारंज्याची, हायवेवर तिच्या घरचा ढाबा आहे. ट्रकवाल्यांच्या गलक्यात वाढल्यामुळे तिला हळू बोलता येत नाही. ती दाखवणार होती की पाव्हणा आता किती तयार झाला आहे. तिने लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला आणि त्याला सांगितलं, "तू आपल्या भागातला सत्तर वर्षांचा कास्तकार आहेस."

"आबाजी, काही अडचण आहे का?" तिने विचारलं.

"काई नाई, बरं हाय," पाव्हणा म्हणाला. सगळे हसले. परीक्षकही हसले. सरांची मान किंचित ताठ झाली. खूश होते.

"बरं आबाजी, काय सोडलं?"

"चहा सोडला."

"काऊन?"

"ॲसिडिटी होते."

पुन्हा हशा. पण स्टाफच्या बाजूने जरा कमी.

"अजून काय सोडलं?"

"फळ्यावर लिहिणं सोडलं. खडूची धूळ सहन नाई होत."

शेतात राबणारा कास्तकार आणि फळा! मागची पोरं मोठ्याने हसली, यंत्र चुकलं म्हणून. मग एकेक करून गप्प झाली. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. रोज तास संपल्यावर सर त्या लॅपटॉपाला शिकवत होते, असं नाही मनत, तसं मन. आणि म्हाताऱ्याची खोटी कारणं आणायची कुठून? जी हाताशी होती ती दिली. माणसांपासून लपवलेलं सगळं त्यांनी त्या यंत्राला, धडा म्हणून, देऊन टाकलं होतं. देताना त्यांना स्वतःलाही कळलं नसावं.

पोरगी थिजली होती. तिने पडद्याकडे पाहिलं, मग सरांकडे. सर भिंतीला टेकून उभे होते, हात खिशात. प्राचार्यांनीही वळून पाहिलं. मुदतवाढीचे दिवस होते आणि सही त्यांचीच लागायची. मला वाटलं, आता ही काही तरी विनोद करेल, लॅपटॉप मिटेल, सगळे टाळ्या वाजवतील आणि सुटतील. मनातून मी देवाला तेच मागत होते.

"थांबली काऊन?" सर म्हणाले. आवाज नेहमीचाच. "कारण सांगितलं त्यानं. आता पुढं काय करायचं राह्यते?"

"सर..." तिचा आवाज पहिल्यांदा हळू निघाला. "कारणाशी भांडायचं नाही."

"मंग?"

"सोडलेली वस्तू समोर ठेवायची."

"मंग ठेव ना."

ती बाहेर गेली. परीक्षकांना काय चाललंय ते कळत नव्हतं, ते एकमेकांकडे पाहत होते. ती परत आली तेव्हा हातात टपरीवरचा काचेचा ग्लास होता, काठोकाठ भरलेला, आणि ती पावलं मोजून टाकत होती. तिने तो सरांपुढच्या टेबलावर ठेवला, पोरांच्या ड्रॉइंगच्या कागदावर.

"भरून आणला सर," ती म्हणाली. "अर्धा आणला असता, तर मी आधीच ठरवल्यासारखं झालं असतं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून हात काढले.

उजवा हात ग्लासापर्यंत नीट गेला. उचललाही नीट. पण तोंडाजवळ यायला लागला तसा असा थरथरला की चहा बोटांवरून मनगटावर, मनगटावरून बाहीत, आणि खाली कागदावर. त्यांनी ग्लास ठेवला नाही. डावा हात लावला, मान खाली नेली आणि उरलेला चहा प्यायले. सगळा. वर्गात तेवढाच आवाज. मी तर बाप्पा ओढणीत तोंड खुपसून बसले होते.

"नीट पाह्यलं का?" सर म्हणाले. "उचलताना नाई थरथरत. तोंडाजवळ आल्यावर थरथरते. म्हणजे गडबड कुठं हाय, ते शोधा. अन् ग्लास दवाखान्यातला दिसला नाई पाह्यजे. दिसला तर मी फेकून देईन." मग जरा थांबून म्हणाले, "मले चहा लय आवडते रे. लय दिवस झाले."

कारंज्याची पोरगी तेव्हा रडली. ती रडतानाही मोठ्याने रडते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा निरोप आला. सर मला म्हणाले, "चला मॅडम, सोबत या." कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "शाल आणली असन त्याईनं." शाल-श्रीफळाची त्यांना जन्माची धास्ती. "शाल दिली की समजा, याले आता थंडी वाजते असं लोकाईनं ठरवून टाकलं." मी म्हटलं, सर, सांगून पाहा ना, मला शिकवायचंय म्हणून. पोरांना तुम्ही हवे आहात. एवढं मागायला काय होतं?

ते थांबले. "मागाचं नाई मॅडम. घरात आमी कोनी मागितलं नाई कधी. मायनं पाणी नाई मागितलं."

प्राचार्य चांगला माणूस आहे, हे सांगितलं पाहिजे. उठून उभे राहिले, सरांना खुर्ची दिली. कपाटाच्या काचेतून एक नवीकोरी शाल दिसत होती, प्लास्टिकमध्ये. बोलले तेही मनापासून बोलले. सर, तुम्ही कॉलेजसाठी खूप केलं. आता तब्येत महत्त्वाची. आपण छानसा कार्यक्रम करू, जुने विद्यार्थी बोलवू. तुमचा मान राखूनच सगळं होईल. आणि मग, शेवटी, जसं कोणीही विचारतं तसं त्यांनी विचारलं:

"सर, तुम्हाला काय हवं, नको, ते मोकळेपणाने सांगा."

"काई ना..." सर म्हणाले.

आणि अडकले. मी त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांचा हात मांडीवर होता, उघडा, आणि तो अगदी स्थिर होता. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता वाक्य पूर्ण करतील आणि आपण शाल घेऊन बाहेर पडू. वडनेरच्या त्या अंगणातून फोनवर कितीदा आलं असेल हे वाक्य, आणि कधी अर्धं राहिलं नसेल.

"मले वर्ग पाह्यजे," सर म्हणाले.

प्राचार्यांनी कपाटातल्या शालीकडे पाहिलं.

"मले शिकवाचं हाय. फळ्यावर लिहाले कोनी तरी द्या, मी बोलीन. मले पाह्यजे तो वर्ग." एवढं मागायला त्या माणसाला जन्म गेला होता आणि मागून झाल्यावर ते घामाने ओले झाले होते.

प्राचार्यांनी समोरची फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग पेन काढून सही केली. फाइल माझ्याकडे सरकवली, कारण सरांना त्या घडीला ती वाचता आली नसती. मग बेल दाबली. शिपाई दारात आला.

"तीन चहा," प्राचार्य म्हणाले. मग सरांकडे वळून, जरा अवघडून, "सर, तुम्हाला अर्धा सांगू?"

"नाई," सर म्हणाले. "भरून."